ब्रेग्झिटनंतरचा गोंधळ कुणामुळे? प्रश्न विचारणाऱ्यांमुळे की निकाल न मानणाऱ्यांमुळे?

रेडिंगकर (धागालेखक)

23 जून 2016 ला ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं ठरवलं त्याला दहा वर्षं होत आली, तरी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत चार जण जमले की हा विषय निघतोच आणि निघाला की दोन तट पडतातच. ईयूत राहणं चांगलं होतं की वाईट यावर मला वाद घालायचा नाहीये, तो घालून घालून सगळे दमलेत. माझा मुद्दा एवढाच आहे की 51.9 विरुद्ध 48.1 असा निकाल लागला तेव्हा लोकांनी कुठून निघायचं ते सांगितलं, पण कुठे जायचं हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. पुढची साडेतीन वर्षं जी अधांतरी गेली ती त्यामुळे.

मतपत्रिकेवर राहायचं किंवा सोडायचं, बस. आता सोडायचं म्हणजे नॉर्वेसारखं सिंगल मार्केटमध्ये राहून, की तुर्कस्तानसारखं कस्टम्सपुरतं बांधलेलं राहून, की कॅनडासारखा नुसता व्यापार करार करून, की करारबिरार काही न करता सरळ बाहेर? प्रचारात जो तो आपापलं सांगत होता. आणि सरकारने तर सोडायचा निकाल लागला तर पुढे काय याची तयारीच करायची नाही असं ठरवलेलं, संसदेच्याच परराष्ट्र समितीने जुलै 2016 मध्ये त्याला घोर निष्काळजीपणा म्हटलं. पंतप्रधान कॅमेरॉन तर 24 जूनच्या सकाळीच राजीनामा जाहीर करून मोकळे झाले. त्या रात्री दीड डॉलरला असलेला पाउंड संडरलंडचा 61 टक्के 'सोडा' असा निकाल आल्यावर जो घसरला तो सकाळपर्यंत 1985 नंतरच्या नीचांकाला गेला. इथून गावी पैसे पाठवणाऱ्या प्रत्येकाला ती सकाळ आठवत असेल.

आणि मग 27 मार्च 2019. बाहेर पडायची मूळ तारीख होती 29 मार्च. खासदारांपुढे आठ पर्याय ठेवले आणि आठही पडले! पावणेतीन वर्षांनंतरसुद्धा 'सोडणं' म्हणजे नक्की काय यावर बहुमत होईना.

आपल्याकडे याच्या बरोबर उलट उदाहरण आहे, 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. मत देणाऱ्याला दोन्ही बाजूंना काय मिळणार ते माहीत होतं, कारण महाराष्ट्र शेजारी डोळ्यांसमोर होता आणि केंद्रशासित कारभार तो रोज बघत होता. बांदोडकरांचं सरकार विलीनीकरणवादी, म्हणून ते आधी पायउतार झालं आणि मगच मतदान झालं. 34,021 मतांनी विलीनीकरण पडलं आणि दुसऱ्या दिवशी आता पुढे काय हा प्रश्न कुणाला पडला नाही. मला वाटतं जनमताला लावायचा प्रश्न असा असावा. तुम्हाला काय वाटतं?

निर्भीड_नाना

रेडिंगकर, गोव्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत ते बरं झालं, कारण ते तुमच्या विरोधात जातं. विलीनीकरण हरलं तेव्हा बांदोडकरांनी काय केलं? कौल मान्य केला, दोन-अडीच महिन्यांत निवडणूक लढवली आणि परत मुख्यमंत्री झाले. 'लोकांना कळलं नाही, परत विचारा' असं म्हणत वर्षानुवर्षं अडवून धरलं नाही. ब्रिटनमध्ये नेमकं ते झालं. निकाल लागल्यापासून हरलेली बाजू कोर्टात, संसदेत, रस्त्यावर, जिथे जमेल तिथे तो उलटवायच्या मागे लागली. 2017 च्या निवडणुकीत दोन्ही मोठ्या पक्षांनी निकाल मानू म्हणून मतं मागितली, निवडून आले आणि मग त्यातलेच कित्येक दुसऱ्या सार्वमताची भाषा बोलायला लागले. समोर ब्रसेल्समध्ये वाटाघाटी करणाऱ्याला जर दिसतंय की तुमचंच घर दुभंगलंय तर तो कशाला झुकेल? अनिश्चितता तिथून आली.

मी तेव्हा भारतीय पासपोर्टवर होतो, कॉमनवेल्थ नागरिक म्हणून मत होतं आणि मी 'सोडा'ला दिलं, आजही देईन. माझ्यासारख्या हजारो जणांनी व्हिसाच्या फिया भरल्या, पगाराची अट सांभाळली, आईवडिलांना इथे आणायचं म्हटलं तर दार बंद. आणि युरोपातला माणूस काही न विचारता येऊन राहायचा. हा भेद मला खटकत होता आणि तो बोलून दाखवण्यात मला काही गैर वाटत नाही. 2021 पासून सगळ्यांना एकच पॉइंट्सचा नियम आहे आणि शिकून झाल्यावर दोन वर्षं नोकरी शोधायचा व्हिसा आपल्या पोरांना परत मिळाला. जुलै 2025 ला भारताशी मुक्त व्यापार करार झाला, ईयूत असते तर ब्रिटनला स्वतःचा असा करार करताच आला नसता.

आणि ती भीती आठवा. ट्रेझरीने, म्हणजे ब्रिटनच्या अर्थखात्याने, मे 2016 मध्ये कागद काढला होता की 'सोडा' जिंकलं तर लगोलग वर्षभर मंदी आणि पाच लाखांच्या आसपास नोकऱ्या जाणार. झालं काय? 2019 मध्ये बेकारी 3.8 टक्क्यांवर, 1974 नंतरची सगळ्यात कमी.

मांडवीकाठ

नाना, मत होतं तुम्हाला. आम्हाला नव्हतं.

मी मूळचा डिचोलीचा, स्विंडनला राहतो. 19 डिसेंबर 1961 च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व घेता येतं, तसं वडिलांच्या कागदांवरून मी घेतलं. ते घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं. म्हणजे सार्वमताच्या दिवशी माझ्या शेजारी राहणारा, वर्षभरापूर्वी पुण्याहून वर्क व्हिसावर आलेला मुलगा मत देऊन आला आणि मी इतकी वर्षं इथे टॅक्स भरून घरी बसलो. आयरिश, माल्टा आणि सायप्रसवाले सोडले तर ईयूच्या कुणालाच मत नव्हतं. ज्यांचं इथलं राहणं पणाला लागलं होतं त्यांनाच विचारलं नाही.

अनिश्चितता म्हणजे पाउंडचा आलेख नव्हे हो. आमच्या घरी ती एका प्लास्टिकच्या फाइलीत होती. पे-स्लिपा, काउन्सिल टॅक्सची पत्रं, पोराच्या शाळेची पत्रं, जुन्या भाडेकराराच्या झेरॉक्स, जे हाताला लागेल ते बायको त्यात घालून ठेवायची, कारण उद्या कुठला पुरावा मागतील ते कुणीच सांगत नव्हतं. सेटल्ड स्टेटसची, म्हणजे ईयू नागरिकांना इथे कायम राहायचा हक्क देणारी, योजना सगळ्यांसाठी खुली झाली ती मार्च 2019 च्या शेवटी, तोवर आमचे लोक वेअरहाऊसच्या नाइट शिफ्टमध्ये बारा अफवा घेऊन घरी यायचे. पाच वर्षं पूर्ण नसतील तर प्री-सेटल्ड, म्हणजे तात्पुरता हक्क, परत टांगती तलवार. ते मिळाल्यावरही हातात कार्ड नाही, सगळं ऑनलाइन, घरमालकाला कोड पाठवायचा, त्याला वेबसाइट उघडता येत नसेल तर तो म्हणणार पासपोर्टवर शिक्का कुठाय. एका घरमालकाने तर त्यावरूनच मला घर दिलं नाही.

तुम्ही रांगेत उभे राहिलात हे खरंच आहे, तो त्रास मी नाकारत नाही. पण तुमची रांग लहान व्हावी म्हणून मत दिलंत आणि आमची नवीन रांग तयार झाली. त्याच स्विंडनने बहुमताने 'सोडा' म्हटलं, आणि 2021 मध्ये होंडाचा कारखाना बंद झाला.

निर्भीड_नाना

मांडवीकाठ, तुमच्या फाइलीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. तुमच्यासारख्यांना पहिल्याच आठवड्यात कायद्याने हमी द्यायला हवी होती, आणि 'सोडा'वाल्या पुढाऱ्यांपैकी कित्येक तेव्हाच तसं म्हणत होते. ती द्यायचं लांबवलं कॅमेरॉननंतर पंतप्रधान झालेल्या थेरेसा मे यांनी, ज्या स्वतः 'राहा'च्या बाजूच्या होत्या. आणि होंडाचं ब्रेग्झिटवर ढकलू नका, कंपनीने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं की कारण ते नाही.

चाकणचा_पाना

भारतातून लिहितोय. आमचा छोटा कारखाना, प्रेस पार्ट करतो, इंग्लंडमधल्या एका कंपनीला ब्रॅकेट जायचे. डिसेंबर 2018 ला त्यांचा मेल आला की मार्चच्या आत तीन महिन्यांचा माल आगाऊ पाठवा, बंदरात अडकला तर लाइन थांबेल. आम्ही ओव्हरटाइम केला, पत्रा आगाऊ उचलला, बँकेचं कॅश क्रेडिट वरपर्यंत भरलं. माल गेला. मग तारीखच पुढे गेली, आधी 12 एप्रिल, मग थेट 31 ऑक्टोबर. त्यांचं गोडाऊन आमच्याच मालाने भरलेलं, त्यामुळे पुढे कितीतरी दिवस ऑर्डर शून्य. आणि सप्टेंबरला परत तोच मेल, ऑक्टोबरच्या आत आगाऊ पाठवा.

तिकडे मोठ्यांचंही तेच झालं. काही गाडी कारखान्यांनी उन्हाळ्यातली वार्षिक सुट्टी मुद्दाम एप्रिलमध्ये ओढून घेतली होती, म्हणजे ब्रेग्झिटच्या पहिल्या गोंधळात लाइन बंदच असेल. ब्रेग्झिट पुढे ढकललं, सुट्टी ढकलता आली नाही. एप्रिल 2019 ला ब्रिटनचं गाड्यांचं उत्पादन आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा जवळपास 45 टक्क्यांनी पडलं.

राहा किंवा सोडा, आम्हाला दोन्ही चाललं असतं. 10 टक्के ड्युटी लागणार म्हटलं तर मी भावात धरू शकतो. लागेल का नाही तेच माहीत नसेल तर कोटेशन काय टाकू? बँक मॅनेजरला काय सांगू?

अर्थवेडा

पानासाहेबांनी लिहिलंय तेच आकड्यांत दिसतं. नानांचा बेकारीचा आकडा बरोबर आहे, ट्रेझरीचं भाकीत सपशेल चुकलं हेही बरोबर. पण बेकारी कमी का राहिली तेही बघा. उद्या काय होईल ते माहीत नसताना मालक मशीन घेत नाही, माणूस घेतो, कारण माणूस काढता येतो. ब्रिटनमधली कंपन्यांची गुंतवणूक 2016 पर्यंत बऱ्यापैकी वाढत होती ती सार्वमतानंतर जागच्या जागी थिजली. धडाम करून काही पडलं नाही, म्हणून टीव्हीवर दिसलं नाही. सरकारच्याच ओबीआर संस्थेचा अंदाज आहे की ब्रेग्झिटमुळे उत्पादकता लांब पल्ल्यात सुमारे 4 टक्क्यांनी कमी राहील. हे मंदीपेक्षा वाईट असतं, कारण मंदी संपते.

आणि नाना, हरलेल्यांनी अडवलं म्हणता ते अर्धंच खरं आहे. अनिश्चितता संपवणारा करार 15 जानेवारी 2019 ला संसदेत होता, मे यांचा. 432 विरुद्ध 202 ने पडला. विरोधात मत देणाऱ्यांत त्यांच्याच पक्षाचे 118 खासदार होते आणि त्यातले बरेच कट्टर 'सोडा'वाले, बोरिस जॉन्सन त्यांत आले. त्या दिवशी त्यांनी हो म्हटलं असतं तर पानासाहेबांचा दुसरा मेल आला नसता. म्हणून मी रेडिंगकरांच्या बाजूने आहे, जिंकलेल्यांचंच आपसात ठरत नव्हतं की आपण काय जिंकलो.

कार्डिफची_सून

मला दोन्ही बाजू पटत नाहीयेत. रेडिंगकर, प्रश्न नीट हवा हे ठीक आहे, पण इथून लोक पुढच्याच पायरीवर जातात की एवढ्या मोठ्या गोष्टीला 60 टक्के हवेत वगैरे. आमच्या वेल्सची विधानसभा 1997 ला 50.3 टक्क्यांवर आली आहे, आणि आज ती काढून टाका म्हटलं तर वेल्समधली बहुतेक माणसं अंगावर येतील. उलट 1979 ला स्कॉटलंडमध्ये 51.6 टक्के लोकांनी हो म्हटलं, पण एकूण मतदारांच्या 40 टक्के हवेत अशी अट घातलेली होती म्हणून ते रद्द झालं. त्याच महिन्यात लंडनमधलं कॅलाहन सरकार एका मताने पडलं आणि स्कॉटलंडला विधानसभेसाठी आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. जिंकूनही हरलो ही भावना लोक विसरत नाहीत.

बाकी पोर्ट टॅलबटला माझे सासरे स्टीलच्या कारखान्यात होते. तिथल्या लोकांनी 'सोडा'ला मत दिलं तेव्हा त्यांना नॉर्वे की कॅनडा याच्याशी देणंघेणं नव्हतं, मार्च 2016 मध्ये टाटांनी ब्रिटनमधला धंदा विकायचं जाहीर केलं होतं आणि लंडनहून कुणी ढुंकून बघत नाही असं त्यांना वाटत होतं. ते मत म्हणजे राग होता. 2024 ला शेवटची भट्टी थंड झाली, तो राग अजून आहे.

रेडिंगकर

ताई, टक्क्यांची अट मीही घालणार नाही, 1979 चं तुम्ही सांगितलंत त्यानंतर तर नाहीच. मला दोन टप्पे हवेत. न्यूझीलंडने निवडणूक पद्धत बदलताना तेच केलं. 1992 ला विचारलं की बदल हवा का आणि हवा तर चारपैकी कुठला, मग 1993 ला त्यातला जिंकलेला पर्याय आणि जुनी पद्धत समोरासमोर ठेवून पक्का निर्णय घेतला. मधल्या वर्षभरात सगळ्यांना तपशील वाचायला मिळाला. 2016 ला हे जाहीर करून केलं असतं तर कदाचित दुसऱ्या टप्प्यातही 'सोडा'च जिंकलं असतं, आणि मग मीच पहिला म्हटलं असतं की विषय संपला.

नानांचं एक मान्य आहे, कौल लागल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत. म्हणून तर नियम आधी हवेत.

निर्भीड_नाना

कागदावर छान आहे, पण युरोपात दुसरा टप्पा कशाला वापरतात ते लोकांनी बघितलेलं होतं. आयर्लंडने 2001 ला ईयूचा नीस करार नाकारला, 2002 ला परत मतदान. 2008 ला लिस्बन नाकारला, 2009 ला परत मतदान. 'हो' आलं की मात्र परत कुणी विचारत नाही. तुमच्या मनात तसं नसेल, पण माझ्या गल्लीतल्या 'सोडा'वाल्याला पहिल्याच दिवशी वाटलं असतं की दुसरा टप्पा म्हणजे त्याचं मत पुसायची सोय.

मांडवीकाठ

मला दोन टप्पे चालतील, एकच टप्पाही चालेल, पण मतदारयादी कुठली ते आधी सांगा. 2014 ला स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं सार्वमत झालं तेव्हा तिथे राहणाऱ्या ईयू नागरिकांना मत होतं, सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनाही होतं. दोनच वर्षांनी त्याच देशात ते काढून घेतलं. नाना, पुढाऱ्यांनी हमी द्यायला हवी होती म्हणता, पण ज्याचं मत नाही त्याला हमी देण्याची घाई कुठल्या पुढाऱ्याला असते?

निर्भीड_नाना

काढून घेतलं नाही, संसदेच्या निवडणुकीला जी यादी असते तीच वापरली, आणि देशाचा प्रश्न देशाच्या यादीने सुटावा यावर मी ठाम आहे. हमीच्या बाबतीत मात्र तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.