जावा सोडून ब्लॉकचेनमध्ये उडी मारावी का? (इंदूर)

सुदामानगरी_२६
नमस्कार मंडळी. मी इंदूरचाच, सुपर कॉरिडॉरला एका आयटी कंपनीत तीन वर्षांपासून जावा आणि स्प्रिंग बूटवर आहे. काम म्हणजे एका बँकेच्या जुन्या पेमेंट सिस्टिमची तिकिटं बंद करत बसायचं, नवीन काही हातात येत नाही आणि इन्क्रिमेंटचं तर बोलूच नका. कॉलेजचा एक मित्र वेब३ (ब्लॉकचेनवरची ॲप बनवणाऱ्या) कंपनीत लागला, घरूनच काम करतो, तेव्हापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय. इथलीच एक इन्स्टिट्यूट सहा महिन्यांचा कोर्स करवते, ८५ हजार फी आणि प्लेसमेंटची गॅरंटी म्हणे. बाबा म्हणतात क्रिप्टो म्हणजे सट्टा, त्यांना समजवायला गेलो तर जेवण थंड होतं.
तर विचारायचं हे की सध्या खरंच भरती चालू आहे का, माझा जावा कचऱ्यात जाणार का, आणि इंदूर न सोडता जमेल का? आई-बाबांना सोडून बंगलोरला जाणं शक्य नाही.

टिळकनगरचा_ऑडिटर
भिया, आधी ते ८५ हजार खिशात ठेव. मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारे प्रोग्रॅम) ऑडिटमध्ये आहे, इंदूरहूनच करतो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो.

भरतीचं असं आहे की २०२१ ला ज्याला सॉलिडिटीचं, म्हणजे हे प्रोग्रॅम लिहायच्या भाषेचं, स्पेलिंग येत होतं त्यालाही घेत होते. मग मे २०२२ मध्ये टेरा-लुना ही क्रिप्टो नाणी कोसळली, जूनमध्ये कॉइनबेस एक्स्चेंजने १८ टक्के माणसं काढली, नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स एक्स्चेंज दिवाळखोरीत गेलं. आपल्या लोकांनी उभ्या केलेल्या पॉलिगॉन ह्या ब्लॉकचेन कंपनीनेसुद्धा फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के कमी केले आणि पुढच्या वर्षी परत कात्री लावली. त्यानंतर भरती सुरू झाली ती बघून-पारखून. फ्रेशरसाठी जागा फारच कमी, पण सिक्युरिटी, नोडचं (ब्लॉकचेन चालवणाऱ्या मशीनचं) इन्फ्रा, आणि स्टेबलकॉइन (डॉलरसारख्या चलनाला बांधलेलं नाणं) पेमेंट इथे हालचाल आहे. पेमेंट कंपनी स्ट्राइपने ब्रिज ही स्टेबलकॉइनवाली कंपनी १.१ अब्ज डॉलरला घेतली ती उगाच नाही. आणि तू काय करतोस? पेमेंट! सेटलमेंट, रिकन्सिलिएशन, पैसे दोनदा कापले गेले तर काय करायचं, हे तू रोज बघतोस आणि सॉलिडिटीचे व्हिडिओ बघून आलेल्या पोराला ह्यातलं ओ की ठो कळत नाही.

आता जावाचं. लोकांना वाटतं ब्लॉकचेन म्हणजे फक्त सॉलिडिटी आणि रस्ट. इथेरियम ह्या ब्लॉकचेनचा नोड चालवायला जी सॉफ्टवेअर आहेत त्यातलं गेथ गो मध्ये आहे, नेदरमाइंड सी शार्पमध्ये, आणि बेसू चक्क जावात आहे. टेकू पण जावात. कोर्डा, जे बँकांसाठी बनवलं, ते कॉटलिनमध्ये, म्हणजे जावाचंच जेव्हीएम. जावातून चेनशी बोलायला वेब३जे लायब्ररी आहे. सगळा कोड गिटहबवर उघडा पडलाय, बेसूत नवख्यांसाठी वेगळे मार्क केलेले इश्यू (सोडवायची कामं) असतात. त्यातले दोन-चार सोडवलेस तर मुलाखतीत तुझ्या कोर्सचं सर्टिफिकेट कोणी मागणार नाही, कारण तुझा कोड आणि त्यावर मेंटेनर (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्या) लोकांनी केलेली कटकट दोन्ही त्यांना दिसतं. ह्या धंद्यात रेझ्युमे शेवटी वाचतात, गिटहब आधी उघडतात, निदान माझ्याकडे तरी असंच झालं.

सॉलिडिटी शिकच, कारण वाचता यायलाच हवी. पण फुकट शिक: सायफ्रिन अपड्राफ्टवर पूर्ण कोर्स आहे, मग ओपनझेपेलिनचं एथर्नॉट सोडव, तो खेळ आहे पण झोप उडवतो. आणि त्या इन्स्टिट्यूटचा सिलॅबस मागून बघ. त्यात ट्रफल आणि गनाश ही जुनी टूल दिसली किंवा रोप्स्टेन टेस्टनेट (सरावाचं नेटवर्क) लिहिलेलं असलं तर चहा पिऊन उठून ये, ट्रफल बंद करायची घोषणा २०२३ लाच झाली आणि रोप्स्टेन तर त्याच्याही आधी गेलं. आज लोक फाउंड्री नाहीतर हार्डहॅट वापरतात आणि टेस्टिंग सेपोलिया टेस्टनेटवर करतात.

नोकरी मात्र आत्ता सोडू नको.

बडोद्याची_मेधा
ऑडिटरदादांनी डेव्हलपरचं सांगितलं, मी दुसरी बाजू सांगते. मी बडोद्याला, एमएस युनिव्हर्सिटीतून एमकॉम, आधी बँकेत केवायसी बघायचे आणि आता एका क्रिप्टो एक्स्चेंजसाठी रिमोट कंप्लायन्सचं (नियम पाळले जातात का बघायचं) काम करते. मार्च २०२३ पासून ह्या कंपन्या पीएमएलए ह्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आल्यात, एफआययू ह्या सरकारी यंत्रणेकडे रजिस्टर व्हावं लागतं, संशयास्पद व्यवहार कळवावे लागतात, त्यामुळे ह्या कामाला माणसं लागतातच, मार्केट वर असो की खाली. कोडिंग न येणारे कोणी वाचत असतील तर हे दार बघा, कम्युनिटी मॅनेजरच्या नोकऱ्यांपेक्षा बरं, त्या बाजार पडला की सगळ्यात आधी जातात.
आणि सुदामानगरी, बाहेरची कंपनी पगार स्टेबलकॉइनमध्ये देऊ म्हणाली तर हुरळून जाऊ नकोस. ज्या दिवशी मिळेल त्या दिवशीच्या रुपयांतल्या किमतीवर ते उत्पन्न धरलं जातं, पुढे विकताना फायदा झाला तर त्यावर ३० टक्के वेगळा, शिवाय विक्रीवर १ टक्का टीडीएस, आणि तोटा झाला तर तो कुठेच वळता करता येत नाही. शक्यतो बँकेत डॉलर पाठवायला सांग आणि ऑफर घ्यायच्या आधी सीएला विचार.

रामबागचे_काका
मी रिटायर माणूस, पण एक बोलतो. बाबांचं ऐका. २०३० पर्यंत हे राहील की नाही कोणी सांगावं.

टिळकनगरचा_ऑडिटर
काका, नाण्यांचं मलाही माहीत नाही, मी स्वतः एक पण ठेवत नाही. पण रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२२ पासून किरकोळ ई-रुपयाचा (डिजिटल रुपयाचा) पायलट चालवलाय, केंद्र सरकारने २०२४ मध्ये विश्वस्य नावाचा ब्लॉकचेन स्टॅक काढला. सट्टा वेगळा आणि हे काम वेगळं. आणि समजा उद्या सगळं बुडालं तरी बेसूत शिकलेला जावा कुठे जात नाही, म्हणून तर त्याला हा रस्ता सांगतोय.

सुदामानगरी_२६
दादा, मेधाताई, खूप धन्यवाद, काका तुम्हालाही 🙏 अजून एक. काल टेलिग्रामवर एक रिक्रूटर आला, परदेशी कंपनी म्हणे, पगार वाचून डोळे फिरले. इंटरव्ह्यूच्या आधी टास्क दिलाय, एक रेपो (कोडचा फोल्डर) डाउनलोड करून चालवायचा आणि त्यातला बग शोधायचा. आज रात्री करून टाकू का?

टिळकनगरचा_ऑडिटर
थांब थांब थांब. चालवू नको. ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबातच नाही.
हा ठरलेला डाव आहे. एनपीएम इन्स्टॉल (पॅकेज उतरवायची कमांड) मारलं की पॅकेजमधल्या स्क्रिप्ट आपोआप चालतात, ब्राउझरमधले पासवर्ड आणि क्रिप्टो वॉलेटच्या किल्ल्या उचलून नेतात. कधी इंटरव्ह्यूला कॅमेरा चालत नाही म्हणून ड्रायव्हर टाकायला लावतात, तोच माल. २०२२ मध्ये रोनिन ब्रिज ह्या एका चेनमधून दुसरीत नाणी नेणाऱ्या सेवेवरून साठ कोटी डॉलरच्या वर गेले, त्यात एका इंजिनिअरला आलेली खोटी जॉब ऑफरची पीडीएफ होती असं बातम्यांत आलं होतं, आणि चोरी उत्तर कोरियाच्या लाझारस हॅकर टोळीने केली असं एफबीआयने सांगितलं. म्हणजे नोकरी शोधणारा माणूस हेच ह्यांचं गिऱ्हाईक.
कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर करिअर पानावर ती जागा आहे का बघ, तिथल्या ईमेलवर विचार की हा तुमचा माणूस आहे का. खरी कंपनी असेल तर टेलिग्रामवर घाई करत नाही. कधी असला कोड बघावाच लागला तर वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये, जिथे ना वॉलेट ना लॉगिन, आणि आधी पॅकेज फाइल डोळ्यांनी वाच.

बडोद्याची_मेधा
आणि "सिक्युरिटी डिपॉझिट" मागितलं तर तिथेच ब्लॉक. माझ्या चुलत भावाकडे मागितलं होतं.

सुदामानगरी_२६
बाप रे. ब्लॉक केलं त्याला. इन्स्टिट्यूटवाल्याने सिलॅबस पाठवला, दुसऱ्याच पानावर ट्रफल 😂 शनिवारी बेसू क्लोन करून बसतो मग. सुरुवात टेस्टच्या इश्यूने करू की डॉक्युमेंटेशनच्या?

टिळकनगरचा_ऑडिटर
टेस्ट. डॉक्युमेंटेशनमध्ये टायपो सुधारणाऱ्यांची रांग असते आणि मेंटेनर वैतागलेत. आधी इश्यूवर कमेंट टाक की मी घेतोय, कोणी हो म्हटलं की मग कोड लिही. आणि कमिट करताना साइन-ऑफची (हा कोड द्यायचा हक्क मला आहे अशी) ओळ टाकायला विसरू नको, नाहीतर चेक लाल होऊन बसतो आणि पुल रिक्वेस्ट (बदल घ्यायची विनंती) पुढे जात नाही. अडलास तर इथेच टाक, रात्री दहानंतर बघतो.