ऑफिसातून जाणारा मेलही फिल्टरमधूनच पाठवावा का?

रिलेकर
आमच्यासारखी मांडणी पुष्कळ ठिकाणी असते: आत मेल सर्व्हर, त्याच्यापुढे स्पॅम अडवणारा अप्लायन्स, म्हणजे फिल्टरचं वेगळं यंत्र. एमएक्स रेकॉर्ड (डोमेनचा मेल कुठे द्यायचा हे जगाला सांगणारी नोंद) अप्लायन्सचा, तो मेल तपासतो आणि आत सर्व्हरकडे देतो. इथवर कुणाचं दुमत नसतं. जाणारा मेल मात्र सर्व्हर परस्पर बाहेर पाठवतो, आणि मला हे साफ चुकीचं वाटतं. सर्व्हरला स्मार्ट होस्ट म्हणून, म्हणजे बाहेर जाणारा सगळा मेल ज्याच्या हाती द्यायचा ते यंत्र म्हणून, फिल्टरच द्यावा. बाहेरच्या जगाशी पोर्ट २५ वर (सर्व्हर एकमेकांना मेल देतात त्या वाटेवर) बोलायची मुभा फायरवॉलने फक्त फिल्टरला द्यावी.

कारण सांगतो. एखाद्याचा पासवर्ड चोरीला गेला की रात्रीतून त्याच्या खात्यावरून हजारो मेल सुटतात. सर्व्हरच्या लेखी तो लॉगिन केलेला आपलाच माणूस. सकाळी सर्व्हरचा आयपी पत्ता ब्लॅकलिस्टमध्ये, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या यादीत, आणि अकाउंट्सची साधी बिलंसुद्धा परत येऊ लागतात. फिल्टर मजकूर बघतो, दर तासाची मर्यादा लावतो, त्यामुळे हा लोंढा रांगेतच थांबतो.

थेटवाट
अजिबात पटलं नाही. येणं-जाणं दोन्ही एकाच यंत्रावर टाकलंत, की ते बसलं तर सगळंच बसलं. येणाऱ्या मेलला वेळ असतो; पाठवणारा सर्व्हर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आरएफसी ५३२१ या मेलच्या प्रमाणकानुसार किमान ४-५ दिवस. जाणारा मेल आपल्याच रांगेत अडकतो आणि लिहिणाऱ्याला तो 'सेंट'मध्ये दिसत राहतो. टेंडरची मुदत टळते तेव्हा कळतं.

शिवाय डीकेआयएमचं, म्हणजे मेलवरच्या डिजिटल सहीचं काय? सर्व्हरने सही केली आणि फिल्टरने खाली गोपनीयतेची तळटीप चिकटवली, की मजकुराचा हॅश (त्यावरून गणिताने काढलेला ठसा) जुळत नाही. सही गेली. प्रत्येक खात्यामागे मर्यादा सर्व्हरवरही लावता येते, त्यासाठी वाट वाकडी करायची गरज नाही.

रिलेकर
सही फिल्टरवरच करा ना, तळटीप लावून झाल्यावर! जो शेवटी हात लावतो त्यानेच सही करायची. एसपीएफमध्ये (डोमेनचा मेल कोणत्या आयपींवरून निघू शकतो त्या यादीत) फिल्टरचा आयपी घाला, त्याचा पीटीआर (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आणि हेलोमधलं (जोडणीच्या सुरुवातीला तो सांगतो ते) नाव जुळवून घ्या.

उलटटपाल
'इथवर दुमत नसतं' म्हणालात, तिथेच माझं दुमत आहे. फिल्टरला तुमच्या ऑफिसातले पत्ते ठाऊक आहेत का? नसतील तर तो डोमेनवरचा कुठलाही पत्ता २५०, म्हणजे 'ठीक', असं उत्तर देऊन स्वीकारतो. आतला सर्व्हर म्हणतो ५५०, असा माणूस इथे नाही. मेल आता फिल्टरच्या गळ्यात. तो बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' असं पत्र, तयार करून पाठवणाऱ्याला धाडतो, आणि स्पॅममध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता बहुधा खोटाच असतो. भलत्याच माणसाच्या इनबॉक्समध्ये आपला कचरा जातो. या बॅकस्कॅटरपायीही आयपी ब्लॅकलिस्ट होतो, आणि रिलेकर, तुमच्या मांडणीत जाणारा सगळा मेल त्याच आयपीवरून निघणार.

उपाय: पत्ता एलडॅपमधून (ऑफिसच्या खात्यांच्या यादीतून) तपासा, किंवा फिल्टरने आधी आत 'आरसीपीटी टू' (या पत्त्याचा मेल घेणार का) विचारून मगच बाहेर उत्तर द्यावं. काही सर्व्हर त्या टप्प्यावर सगळ्यांनाच हो म्हणतात. तिथे एलडॅपच हवं. आणि आतल्या सर्व्हरवरची एसपीएफ तपासणी बंद करा, त्याला प्रत्येक मेल फिल्टरच्याच आयपीवरून आलेला दिसतो.

हॉपमोजणी
नवीन डोमेन फिल्टरवर घातलं आणि सर्व्हरवर घालायचं राहिलं, तर काय होतं तेही बघा. फिल्टर मेल आत देतो. सर्व्हरला डोमेन परकं वाटतं आणि फिल्टरचा आयपी विश्वासातला, म्हणून तो मेल स्मार्ट होस्टकडे, म्हणजे परत फिल्टरकडे ढकलतो. हेडर उघडलंत तर 'रिसीव्ह्ड'च्या ओळींत (प्रत्येक सर्व्हर आपली एक जोडतो) दोनच नावं आलटून पालटून. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर मूळ सेटिंगमध्ये ५० ओळींनंतर थांबवतो, तोवर मेल फिरत राहतो.

थेटवाट
उलटटपाल यांचा मुद्दा मान्य. त्यातून माझंच म्हणणं पक्कं होतं: येण्याचा आणि जाण्याचा आयपी वेगळा हवा.

रिलेकर
आयपी वेगळा, मान्य. पत्त्यांची तपासणीही मान्य. पण तपासणीविना बाहेर जाणारी वाट नको. जाणाऱ्यासाठी दुसरा फिल्टर जोडीला ठेवा, मग एक बसला तरी काम चालेल. स्मार्ट होस्ट उत्तर देत नसेल तर आपोआप थेट पाठवायची सोय मात्र कृपा करून ठेवू नका. खातं फुटतं त्या रात्री फिल्टरची रांग तुंबते, आणि नेमका तेव्हाच सगळा स्पॅम त्या मागच्या दाराने सर्व्हरच्या आयपीवरून बाहेर पडतो.