शब्दचर्चा : ‘दाताला कीड लागणे’

प्रश्न (यवतमाळ जिल्हा) : गावातील दंत तपासणी शिबिराच्या फलकावर ‘दाताला कीड लागणे’ लिहावे की ‘दंतक्षय’? रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातील किडे पाडल्याचे काही वडीलधारे अजूनही सांगतात.

उत्तर : ‘दंतक्षय’ कोणी बोलत नाही, आणि ‘कीड’ हा शब्द आपल्या कपाशीच्या पट्ट्यात नेमका फसवा आहे. कृषी सल्ल्यांत कीड आणि रोग हे वेगळे खाने असतात : बोंडअळी ही कीड, दहिया हा रोग. त्यामुळे ‘कीड’ वाचताच दात आतून पोखरणारी अळी मनात येते. सुश्रुतसंहितेतील ‘कृमिदंतक’ही त्याच समजुतीचा. युरोपातही खुरासानी ओव्याच्या बियांची धुरी देत. तेथे पडणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने बियांतून बाहेर आलेले कोंब होते.

बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी काढलेले दात पाव आणि लाळेच्या मिश्रणात ठेवले, तेव्हा त्यांतील खनिज विरघळू लागले. १८९० मध्ये त्यांनी मांडले की जंतू दात खात नाहीत. ते पिठूळ व गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. ब्रिटिश संशोधक क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकोकस म्यूटन्स’ हा जंतू वेगळा केला, तेव्हा एकच गुन्हेगार सापडल्यासारखे वाटले. तेवढ्याने भागले नाही, कारण हा जंतू निरोगी तोंडातही असतो. वारंवार गोड खाल्ल्याने दातांवरील जंतूंच्या थराचा सामू (आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली जात राहिला, की आम्ल सोसणारे जंतू बळावतात आणि बाकीचे मागे पडतात, हे १९९० च्या दशकात जंतुशास्त्रज्ञ फिलिप मार्श यांनी मांडलेले मत मला अधिक पटते. यात घुसखोर कोणी नाही. बिघडतो तो तोंडातील समतोल.

म्हणून ‘दात किडतो’ हे क्रियापद ठेवावे. ते रोजच्या बोलण्यातले आहे, आणि त्यात अळीला कर्तेपण मिळत नाही.

पुरवणी उत्तर : दातांवरील प्रत्येक थराला मात्र सरसकट ‘किटण’ म्हणू नये. जंतूंचा मऊ थर ब्रशने निघतो. त्यात लाळेतील खनिजे साचून तो कडक झाला, की ते किटण. हिरड्यांच्या आजाराला ‘किडणे’ म्हणणेही चुकीचे, कारण तेथे आम्लापेक्षा जंतूंमुळे होणारा दाह हाडाची झीज करतो. फलकावर एवढे पुरे : ‘दिवसभर थोडे थोडे गोड खाल्ल्याने दात किडतो, धुरीने किडलेला दात बरा होत नाही.’