नॅशनल पार्कमध्ये माणसं कमी सोडली की नुकसान थांबतं का?

रानवाट्या:
एक शंका आहे, जाणकारांनी सांगा. पार्कमधल्या गर्दीचा विषय निघाला की सगळे एकच म्हणतात, रोजचा आकडा ठरवा आणि बाकीच्यांना गेटवरूनच परत पाठवा. मला हे अर्धंच वाटतं, कारण शंभर जण नीट वाटेवरून गेले आणि दहाच जण वाट सोडून घुसले तर जास्त वाट कोण लावतं? आणि दुसरं म्हणजे सगळ्यांना एकाच वाटेवर कोंबण्यापेक्षा पार्कभर पांगवलं तर भार वाटला नाही का जाणार?

चिखलपाय:
पांगवणं? नको हो, तेच तर सगळ्यात घातक. गवत-झुडपं तुडवली जातात ना, त्यात बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या पावलांतच होऊन जातं, नंतर कितीही लोक गेले तरी त्यात फार भर पडत नाही. डेव्हिड कोल म्हणून अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी मुद्दाम तुडवून तुडवून मोजलंय हे. म्हणजे नवीन जागा मोजकी माणसंही खराब करतात आणि मळलेली वाट हजारो सोसते, म्हणून दगड टाका, फळ्यांची वाट करा आणि सगळ्यांना त्यावरूनच न्या. वाटेत चिखल असला की लोक कडेने जातात आणि वाट रुंद होत जाते, तिथे बोर्ड लावून काही होत नाही, पाणी काढून द्यायला चर खणावा लागतो. पांगणं चालतं ते फक्त एकदम आत, जिथे कोणी फारसं जातच नाही, तिथे एकामागोमाग चाललात तर उलट नवी वाट पडते.

सावली_७:
चिखलपाय बरोबर आहेत पण आकडा एकदम सोडून देऊ नका. थायलंडच्या माया बेमध्ये बोटींच्या नांगरांनी आणि गर्दीने प्रवाळाची पार दुर्दशा झाली होती, 2018 ला बंदच करावं लागलं. 2022 ला उघडलं तेव्हा माणसांवर मर्यादा तर घातलीच, पण बोटींना खाडीत शिरायलाच बंदी केली, मागच्या बाजूला उतरायचं आणि चालत यायचं. माझ्या मते खरा फरक या दुसऱ्या गोष्टीने पडतो. अमेरिकेतल्या झायन नॅशनल पार्कचंही तसंच, 2000 पासून शटल बस आहे, ती चालू असते तेव्हा दरीतल्या मुख्य रस्त्यावर खासगी गाड्या सोडत नाहीत. माणसं कमी नाही केली, गाड्या कमी केल्या, त्यामुळे रस्त्याकडेच्या झुडपांवर पार्किंग बंद झालं.

बूटवाला:
बोर्डांवरून आठवलं. अमेरिकेतल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट नॅशनल पार्कमध्ये लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात, तर तिथे संशोधकांनी वेगवेगळ्या मजकुराचे बोर्ड लावून बघितले. "आधी आलेल्या अनेकांनी तुकडे नेले म्हणून जंगलाचं रूप बदललं" अशा अर्थाचा बोर्ड लावला तिथे चोरी जास्त झाली 😅 सगळेच नेतात तर मीही नेतो! साधं "कृपया उचलू नका" बरं पडलं.
आणि आकड्याचं म्हणाल तर न्यूझीलंडच्या कौरी झाडांचा रोग बुटाच्या तळाला चिकटलेल्या मातीतूनही पसरतो. तिथे मोजून माणसं सोडून काय करणार, एकाचेच बूट घाण असले तरी पुरे. म्हणून वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि जंतुनाशक ठेवतात आणि काही वाटा सरळ बंद केल्यात.

रानवाट्या:
पांगवायचं माझं म्हणणं मागे घेतो 🙏 बूट, बोटी, गाड्या हे पटलं. पण शौचाचं काय? तिथे तर जितकी माणसं तितका प्रश्न वाढणारच ना, फळ्या टाकून काय उपयोग?

चिखलपाय:
हो, तिथे आकडा मोजावाच लागतो. जास्त वर्दळ असेल तिथे पक्का संडास, दुसरा इलाज नाही. आतल्या भागात पाण्यापासून निदान 60 मीटर लांब जाऊन 15-20 सेंटिमीटर खड्डा करायचा आणि बुजवायचा, पण त्याला माती हवी. नुसता खडक किंवा बर्फ असेल तर काही कुजत नाही, अलास्कातल्या बर्फाळ डेनाली शिखरावर चढणाऱ्यांना म्हणून झाकणाचा डबा देतात. त्यात करायचं, आणि तो पाठीवर घ्यायचा.