शिवजयंतीच्या देखाव्यात युरोपातले जाउस्टिंग दाखवावे का? आपल्या बोथाटीचे काय?

प्रश्न (बेळगाव तालुका, मंडळाचा कार्यकर्ता)

सर्वांना नमस्कार. वैशाखातल्या शिवजयंतीला बेळगावात निघणाऱ्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या गावचे मंडळही सजीव देखावा घेऊन उतरते. यंदा मंडळातल्या मुलांनी मोबाईलवर युरोपातल्या जाउस्टिंगची एक चित्रफीत पाहिली. मध्ये लाकडी कठडा, त्याच्या दोन्ही अंगांनी समोरासमोर भरधाव सुटलेले दोन स्वार, नखशिखांत चिलखत आणि छातीवर आदळून उडालेल्या भाल्याच्या ढलप्या. हाच प्रसंग ‘मराठा स्वारांची झुंज’ या नावाने दाखवायचे त्यांनी ठरवले असून, पत्र्याच्या चिलखतांची मापे देण्यापर्यंत गोष्ट गेली आहे. घोडे शर्यतीची गाडी ओढणारे आहेत आणि ते एका पाहुण्यांकडून मिळणार आहेत. मला हे पटत नाही; पण ‘आपल्यात असे नव्हते’ एवढ्या उत्तरावर मुले गप्प बसणार नाहीत, आणि बसूही नयेत. हा खेळ मुळात कसा होता आणि आपल्या स्वारांकडे त्याच्या तोडीचे काय होते, हे कोणी नीट समजावून सांगेल का?

उत्तर १ (खानापूर, इतिहासाचे शिक्षक)

दादा, आधी त्या खेळाला न्याय देऊ, कारण ती नुसती दांडगाई नव्हती. अकराव्या-बाराव्या शतकात फ्रान्सकडे जे सामने होत, ते दोन जमावांमधल्या लुटुपुटीच्या लढाया असत. त्या उघड्या रानात दिवसभर चालत आणि पकडलेल्या सरदाराचा घोडा, चिलखत किंवा त्याच्या सुटकेची रक्कम पकडणाऱ्याला मिळे. विल्यम मार्शल या इंग्रज सरदाराने तरुणपणी याच मार्गाने नाव आणि पैसा मिळवला. माणसे हकनाक मरतात म्हणून ११३० मध्ये क्लेरमाँच्या धर्मसभेने या सामन्यांचा निषेध केला आणि पोप बाविसावे जॉन यांनी ही बंदी १३१६ मध्ये उठवली. म्हणजे जवळजवळ दोन शतके बंदीही होती आणि सामनेही होत होते. दोनच स्वारांची समोरासमोरची धडक, म्हणजे जाउस्टिंग, या गर्दीतून हळूहळू वेगळी झाली आणि पुढे तीच मुख्य ठरली.

मुलांनी पाहिलेला कठडा पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. पूर्वी घोडे एकमेकांवर आदळून स्वारांसह कोसळत, म्हणून आधी दोरीवर कापड टांगले गेले आणि मग त्या जागी लाकूड आले. कठडा डाव्या हाताला ठेवायचा, भाला उजव्या काखेत धरायचा आणि घोड्याच्या मानेवरून तिरपा डावीकडे रोखायचा, अशी रीत होती. घाव त्यामुळे तिरका बसतो आणि भाला मोडतो. चिलखताच्या छातीवर उजवीकडे एक लोखंडी आकडा असे. भाल्याचा धक्का त्यावर येऊन मनगटाऐवजी सगळ्या धडावर वाटला जाई. मार डाव्या अंगावर येणार, म्हणून त्या बाजूला जादा पत्रा चढवत. शिरस्त्राणाचे एक प्रसिद्ध घडण बेडकाच्या तोंडासारखे आहे: स्वार पुढे झुकलेला असेतो त्याला फटीतून समोरचे दिसते, पण धडकेच्या क्षणी त्याने मान वर केली की फट आकाशाकडे जाते. शेवटचा क्षण तो न पाहता झेलतो. मला स्वतःला या खेळातली सर्वांत थरारक गोष्ट हीच वाटते.

गुणांचेही नियम काटेकोर होते. आपल्याकडे कुस्ती चितपट झाली तरच निकाल असे धरतात. इथे समोरचा घोड्यावरून पडलाच पाहिजे असे नव्हते, अंगावर भाला नीट मोडला तरी गुण मिळत. जॉन टिपटॉफ्ट या सरदाराने १४६६ मध्ये इंग्लंडसाठी केलेल्या नियमांप्रमाणे तर घोड्याला भाला लागला की बक्षिसावरचा हक्क जाई. एवढी तजवीज करूनही ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये फ्रान्सचा राजा दुसरा आँरी याच्या शिरस्त्राणात मोडलेल्या भाल्याच्या ढलप्या घुसल्या आणि डोळ्याच्या त्या जखमेने तो १० जुलैला वारला. निमित्त तहाच्या आणि मुलीच्या लग्नाच्या आनंदोत्सवाचे होते. तुमच्या मुलांना ही एकच हकीकत आधी सांगा.

उत्तर २ (संकेश्वर, निवृत्त घोडेस्वार)

सरांनी इतिहास सांगितला, मी घोड्याचे सांगतो. गाडीच्या शर्यतीचा घोडा पुढे पळायला शिकलेला असतो, समोरून येणाऱ्या घोड्याच्या अंगावर जायला नव्हे. तो ऐनवेळी बाजूला फेकणार, आणि ढोलताशा वाजत असेल तर बिथरणार. आज युरोपात आणि अमेरिकेत हा खेळ करणारे घोड्याला महिनोन्‌महिने तयार करतात. भाल्याच्या टोकाला सहज मोडणारे बाल्साचे लाकूड लावतात, तरीही हाडे मोडतात.

मी नोकरीत असताना टेंट पेगिंग खेळलो. जमिनीत पुरलेली तीन-चार बोटे रुंदीची लाकडी मेख भरधाव घोड्यावरून भाल्याच्या टोकावर उचलायची, असा तो खेळ. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत तो होता. नवख्याची चूक ठरलेली: मेख टोचली की तो हात ताठ धरतो. मीही धरला. मेख जमिनीत घट्ट होती, घोडा पुढे निघून गेला आणि माझा उजवा खांदा सहा आठवडे गळ्यात बांधलेला राहिला. नंतर उस्तादांनी शिकवले की टोक रुतताच मनगट सैल सोडायचे, भाला मागे जाऊ द्यायचा आणि मग त्याच झोक्यात वर फिरवायचा. जाउस्टिंगचा स्वार भाला काखेत आवळून सगळा धक्का अंगावर घेतो, आम्ही तो अंगावरून जाऊ देतो. त्याचे खोगीर पुढे-मागे उंच, पाय जवळजवळ सरळ. आमची मांड गुडघ्यांत. दोन वेगळ्या विद्या आहेत आणि एकीला दुसरीचे नाव देऊ नये.

उत्तर ३ (निपाणी)

काकांचे शेवटचे वाक्य मला फार मोलाचे वाटले, कारण आपल्या विद्येला तिचे स्वतःचे नाव आहे: बोथाटी. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द सापडतो. आठ-साडेआठ फुटांची काठी, टोकाला कापडात गुंडाळलेला गोळा आणि तो गोळा रंगात बुडवलेला. घोड्यावरचे दोन गडी एकमेकांना घेरत, चकवत, घोडा जागच्या जागी वळवत समोरच्याच्या अंगावर रंगाचा ठिपका उमटवू पाहत. कधी घोडेस्वार आणि पायउतार अशीही जोड लावत. रंग कुठे लागला ते सगळ्यांना दिसे, त्यामुळे वाद उरत नसे.

यातून तयार होई तो खऱ्या भाल्याचा हात, आणि पुढे विट्याचा. विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि दोरीने परत ओढून घ्यायचा. मराठ्यांची लढाई झपाट्याने येण्याची, बगल देण्याची आणि निसटण्याची होती, म्हणून घोडाही भीमथडीसारखा आटोपशीर, काटक आणि झटकन वळणारा लागे. कठड्यालगत नाकासमोर सरळ धावणे ही त्या स्वाराची परीक्षाच नव्हती. आपल्या तालुक्यांतल्या देवळांच्या आवारात वीरगळ उभे असतात; त्यांतल्या एखाद्यावर भाला उगारलेला घोडेस्वार दिसला तर मुलांना जवळ नेऊन त्याची मांड, हात आणि रिकीब बघायला सांगा. काळ शिवकालाच्या कितीतरी आधीचा, पण आपल्या मातीतला स्वार कसा बसत असे ते पत्र्याच्या चिलखतापेक्षा त्या दगडावरून अधिक कळेल.

सरांच्या माहितीत एक भर घालतो. धडकेचा खेळ मागे पडला तरी कडी वेधण्याचा त्याचा सौम्य भाऊ अजून जिवंत आहे. क्रोएशियातल्या सिन्य गावी १७१५ च्या तुर्कांवरील विजयाच्या स्मरणार्थ स्वार दौडत येऊन टांगलेली लोखंडी कडी भाल्याने वेधतात. अमेरिकेच्या मेरीलँड राज्याने तर १९६२ मध्ये जाउस्टिंगला राज्याचा अधिकृत खेळ केले, आणि तिथेही मुख्यतः कड्याच वेधतात. सर्वांत लहान कडी पाव इंचाची. मुलांना थरारच हवा असेल तर पाव इंचाच्या कडीत किती आहे बघा.

मूळ प्रश्नकर्ता

आपण तिघांनी वेळ काढून लिहिलेत, मनापासून आभारी आहे. काल रात्री मंडळाच्या बैठकीत हा सगळा धागा मोठ्याने वाचला. राजाच्या डोळ्याची हकीकत ऐकून मुले शांत झाली, पण त्यांचे मन वळवले ते रंगाच्या गोळ्याने. चिलखतांचे काम थांबवले आहे. मिरवणुकीत घोडे न आणता बोथाटी घेतलेल्या दोघा गड्यांचा पायउतार डाव दाखवायचा विचार आहे. काठी कशाची करावी आणि गोळा किती मोठा असावा?

उत्तर २ (संकेश्वर)

काठी वेळूची घ्या, भरीव आणि सरळ, पेरे तासून गुळगुळीत केलेली. गोळा जुन्या सुती कापडाचा, आतून मऊ आणि दोन मुठींएवढा करा, म्हणजे चुकून तोंडावर लागला तरी इजेचा धोका कमी राहील. रंग म्हणून पाण्यात कालवलेली हळद किंवा गेरू वापरा, पण तोही डोळ्यांत जाऊ देऊ नका. येत्या रविवारी सकाळी मी बेळगावात येणार आहे. मुले मैदानावर येणार असतील तर पायांची ठेवण आणि मनगट कसे सोडायचे ते करून दाखवीन. काठ्या मात्र तयार ठेवा.