जेट स्कीच्या टू-स्ट्रोक सिलिंडरचं पोर्टिंग घरी करतोय, एक्झॉस्ट २ मिमी वर घेऊ का?

स्टँडअप_७०१:
नमस्कार मंडळी. माझ्याकडे उभं राहून चालवायची जुनी जेट स्की आहे, ७०१ सीसी टू-स्ट्रोक ट्विन, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८१ आणि स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) ६८ मिमी, बिडाची स्लीव्ह (आतली नळी). बोअर घासला होता म्हणून सिलिंडर काढलाय, ओव्हरसाइज पिस्टन आणलेत, रिबोअर (बोअर मोठा कापून घेणं) अजून व्हायचंय. आता उघडलंच आहे तर पोर्टिंगपण (सिलिंडरच्या भिंतीतल्या वायूच्या खिडक्या, म्हणजे पोर्ट, घासून आकार बदलणं) करून घेऊ असं डोक्यात आलं. फ्लेक्सिबल शाफ्टवालं ग्राइंडर आहे, कार्बाइड बर (घासायची टोकं) आहेत, हात बऱ्यापैकी स्थिर आहे. एक्झॉस्ट पोर्टचं छत सरळ २ मिमी वर घेतलं तर टॉप एंड (वरच्या आरपीएमची ताकद) किती वाढेल? आणि ट्रान्सफरला (ताजं मिश्रण आत येतं ते पोर्ट) हात लावू का? आत बोट घातलं तर स्लीव्हची खिडकी आणि मागचं अॅल्युमिनियम यांच्यात चांगलीच पायरी लागते, नख अडकतं अक्षरशः.

जुना_फिटर:
आधी ती पायरी काढ भाऊ, तुझं अर्धं काम तिथेच आहे. स्लीव्ह आणि कास्टिंग जुळत नाहीत तिथे वायू आपटतो, आणि ती पायरी काढायला पोर्ट उघडण्या-मिटण्याचं टायमिंग बदलावं लागत नाही, म्हणजे चुकलं तरी इंजिन बसत नाही. तसंच खाली क्रँककेसच्या तोंडाशी बघ, बेस गॅस्केट ठेवून केस आणि सिलिंडर दोन्हीकडे मार्करने रेघ मार, ट्रान्सफरचा रस्ता जिथे अडतो तेवढंच घास. ट्रान्सफरच्या वरच्या खिडकीला मात्र हात लावू नकोस. तिथलं छत ज्या कोनात आहे त्याच कोनात ताजं मिश्रण आत फेकलं जातं, आणि तो कोन बिघडला की सरळ एक्झॉस्टमधून बाहेर. शिवाय काटकोनी हँडपीसशिवाय तिथे नीट पोचताच येत नाही, सरळ बरने केलं की कड तिरकी होते.

आता २ मिमीचं. ६८ स्ट्रोकला मधल्या भागात पिस्टन एका डिग्रीला साधारण ०.६ मिमी सरकतो, म्हणजे १ मिमी वर घेतलं की पोर्ट १.७ डिग्री लवकर उघडतो आणि तेवढाच उशिरा बंद होतो, एकूण ३.४. तू २ मिमी म्हणतोयस म्हणजे जवळपास ७ डिग्री ड्युरेशन (पोर्ट उघडा राहण्याचा काळ) वाढलं! आणि कॉम्प्रेशन खरं सुरू होतं ते पोर्ट बंद झाल्यावर. टीडीसीपासून (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पोर्टच्या छतापर्यंत समजा ३८ मिमी असेल तर त्यातले २ गेले, ५ टक्क्यांवर दाब घालवलास. खालचा जोर जाणार, आणि पाण्यात खालचा जोरच लागतो.

कारण इथे गिअरबॉक्स नाही रे. बाईकवर पॉवरबँड वर सरकला तर गिअर पाडून सांभाळता येतं, इथे क्रँकला थेट इंपेलर, म्हणजे पंपाचा पंखा. पंपाला लागणारी ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तोच इंपेलर ठेवून आरपीएम १० टक्के वाढवायचे तर ताकद १.१ चा घन, म्हणजे ३३ टक्के जास्त हवी. नुसतं छत वर घेऊन एवढी मिळत नाही. मग होतं काय, इंजिनचा पीक वर गेला पण इंपेलर तिथपर्यंत जाऊच देत नाही, आणि स्की आधीपेक्षा हळू. म्हणून उंची बदलायची तर इंपेलरचा पिच (पात्यांचा तिरकेपणा), हेड, एक्झॉस्टचा पाइप, जेटिंग (कार्बोरेटरमधून पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा साइज) सगळं सोबत बदलावं लागतं. पाइपचं तर वेगळंच आहे, आत पाणी सोडलेलं असतं, त्याने वायू थंड होतो, आवाजाच्या लहरी हळू जातात आणि पाइप खालच्या आरपीएमला ट्यून होतो. तुझ्या पाइपला किती पाणी जातं हे माहीत नसताना पोर्टचा आकडा कोणी सांगितला तर विश्वास ठेवू नकोस.

रीडव्हॉल्व्ह:
वरच्याशी सहमत. एक जोडतो, माझं स्वतःचं नुकसान झालंय म्हणून. मी एक्झॉस्ट रुंद केला होता, उंची तशीच ठेवली, मनात म्हटलं हे तर सेफ आहे. छत सपाट ठेवलं, कोपरे जवळजवळ चौकोनी, आणि कडा तशाच धारदार सोडल्या. तिसऱ्याच दिवशी पाण्यात असताना ठण्ण आवाज आला आणि इंजिन बंद. उघडलं तर रिंगचा तुकडा पोर्टच्या कोपऱ्यात अडकून मोडलेला, पिस्टनचा माथा टोचून टोचून चाळणीसारखा, आणि स्लीव्हवर बोटभर लांब चर. रिंग पोर्टसमोर आली की बाहेर फुगते, तिला परत आत ढकलायला छत कमानीसारखं हवं आणि कोपरे मोठ्या गोलाईचे हवेत. कडांना वर खाली दोन्हीकडे चॅम्फर (धार मोडून कड तिरकी घासणं) द्यायचाच द्यायचा, आणि तो फिरवताना बोट लावून बघ, कुठेही टोचता कामा नये.

स्टँडअप_७०१:
दोघांचे खूप आभार, बरं झालं आधी विचारलं. काल कागद आत गुंडाळून पोर्टच्या कडांवर पेन्सिल घासून नकाशा काढला. दोन गोष्टी दिसल्या. एक, दोन्ही बोअरच्या एक्झॉस्टची उंची सारखी नाहीये, मागचा ०.६ मिमी खाली आहे. दुसरं, कागदावर रुंदी ५८ मिमी भरते, ८१ च्या ७१ टक्क्यांवर गेली की! ७० च्या पुढे जाऊ नये असं ऐकलंय, मग हा आधीच कोणीतरी कोरलाय का?

जुना_फिटर:
नाही, तू कमानीची लांबी मोजलीस. कागद बोअरच्या गोलाईला चिकटलेला होता, उलगडल्यावर तो कंस मोजतो, आणि ७० टक्क्यांचा नियम सरळ अंतराचा आहे, कॅलिपरचे दोन जबडे दोन कडांना लावल्यावर जे येतं ते. ८१ बोअरला कागदावरचे ५८ म्हणजे सरळ ५३ च्या आसपास, साधारण ६५-६६ टक्के. ७० टक्क्यांना सरळ ५६.७ येतं आणि कागदावर जवळपास ६२.८. पण तिथपर्यंत जाऊ नकोस, दोन्हीकडे अर्धा-पाऊण मिमी घे आणि थांब, कोपऱ्यांची गोलाई राखून. घेण्याआधी पिस्टनवर रिंगची पिन कुठे आहे ते बघ, रिंगची तोंडं पोर्टसमोरून जायला लागली तर रीडव्हॉल्व्हचं झालं तेच होईल. बाजूच्या भिंतीत पाण्याचा जॅकेट आहे हेही लक्षात ठेव, किती जाड आहे ते वाकलेल्या तारेने चाचपून घे.

०.६ चा फरक मात्र जरूर काढ. तो एका डिग्रीचा फरक आहे, म्हणजे ड्युरेशनमध्ये दोन, दोन सिलिंडर दोन वेगळी इंजिनं असल्यासारखे चालतायत. खालचा वरच्याच्या बरोबरीला आण, बास. वरच्याला वर नको नेऊस. आणि मोजताना सिलिंडरच्या माथ्यापासून मोजून भागत नाही, इंजिनवर बसवून डिग्री व्हीलने (क्रँकवर लावायची अंशांची तबकडी) बघ, पिस्टन स्टॉप लावून टीडीसी नक्की कर, मग दोन्ही बोअरला पोर्ट नक्की कुठे उघडतो ते लिहून ठेव.

रीडव्हॉल्व्ह:
पोर्टिंग आधी, रिबोअर नंतर, उलटं करू नकोस. बर एकदा तरी सटकतोच, आणि बोअरवर ओरखडा आला तर रिबोअरमध्ये निघून जातो. मशीनवाल्याला सांग की चॅम्फर बोअरनंतर परत द्यायचाय, कारण पहिला कापला जातो. होनिंग (बोअरची शेवटची बारीक घासणी) झाल्यावर गरम पाणी आणि साबणाने धू, पांढरं फडकं बोअरमध्ये फिरवून काळं येणं थांबेपर्यंत धू, मी चार वेळा धुतला होता. वाळला की लगेच तेल, बिड बघता बघता गंजतं.

पाणघोडा:
निकासिलवाल्यांसाठी (बोअरला बिडाच्या स्लीव्हऐवजी कडक कोटिंग असतं ते) एक, कारण हे वाचून कोणीतरी बर लावेल. कोटिंगवाल्या बोअरला कार्बाइड लावू नका, डायमंड वापरा आणि बोअरकडून पोर्टच्या आत अशीच दिशा ठेवा. उलट ओढलं की कोटिंगची पापडी निघते आणि सिलिंडर परत कोट करायला पाठवावा लागतो.

स्टँडअप_७०१:
ठरलं मग. पायऱ्या काढतो, मागचा ०.६ वर घेतो, रुंदी दोन्हीकडे अर्धा मिमी, चॅम्फर, बाकी सगळं आहे तसंच. इंपेलर आणि हेड तसेच ठेवतोय. जेटिंग एक पायरी जाड (पेट्रोल जास्त) ठेवून सुरू करू का?

जुना_फिटर:
हो, मेन जेट एक साइज वर. हवा सुटसुटीत जायला लागली की जुनं जेटिंग पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणाने पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूनेच धरतो, म्हणजे जाम होतो. पहिले दोन टँक अर्ध्या थ्रॉटलवर काढ, मग फुल थ्रॉटलला थोडं चालव, तिथेच लॅनयार्ड (इंजिन बंद करायची दोरी) ओढून बंद कर आणि दोन्ही प्लग बघ. थ्रॉटल सोडून मग बंद केलंस तर प्लगवर आयडलचा रंग दिसेल. दोन्ही प्लगचे फोटो टाक इथे, आणि पिस्टनच्या माथ्याचा पण, प्लगच्या भोकातून दिवा दाखवून घेता येतो.