टेल्मिसार्टन चालू असताना लो-सोडियम मीठ चालेल का?

मीठभाकर: बीपीसाठी टेल्मिसार्टन 40 रोज चालू. लो-सोडियम मीठ आणावं का? की पोटॅशियमसाठी केळी-शहाळं पुरे?

कढीपत्ता: आधी पाकीट उलटं करून वाचा. कमी केलेल्या सोडियमच्या जागी बहुतेक वेळा पोटॅशियम क्लोराइड असतं. टेल्मिसार्टनमुळे लघवीवाटे पोटॅशियम कमी जातं. दोन्ही जमलं की ते रक्तात साठतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि सिरम म्हणजे रक्तातलं पोटॅशियम तपासून डॉक्टरांना विचारा, तोवर नको. सोबत स्पायरोनोलॅक्टोन (हेही पोटॅशियम साठवणारं औषध) असेल तर विषयच सोडा.

शेवगा: किडनी ठणठणीत आणि अशी औषधं नसतील तर फायदा खरा आहे. पोटॅशियम वाढलं की मूत्रपिंड सोडियम जास्त बाहेर टाकतं. डब्ल्यूएचओ प्रौढांना दिवसाला किमान 3510 मिलिग्रॅम पोटॅशियम सांगते. मध्यम केळ्यात जेमतेम 400, म्हणजे नुसत्या केळ्यांवर भागत नाही. डाळी, राजमा, पालक, बटाटा हवेत. पण पालक उकळून पाणी ओतलंत की निम्मा माल मोरीत! ते आमटीत घाला.

कढीपत्ता: किडनीच्या पेशंटला मात्र उलटं, पाणी ओतायचंच. आणि लोणचं-पापड तसंच ठेवून शहाळी पिण्यात काही राम नाही.